काकांसाठी पाहिलेले घोडे

मनोहर कारखानीस. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते या माणसाचं. आईवडिलांनी वाढवलं, मंगरूळपीरच्या शाळेने अक्षरं दिली, अमरावतीच्या कॉलेजाने आमच्या घराला पहिली पदवी दिली. या सगळ्यांपुढे मी आजही हात जोडतो. पण बघायचं कसं, हे मला कारखानीस काकांनी शिकवलं. आणि ते शिकवत होते तेव्हा त्यांची स्वतःची नजर जात होती.

परवा खूप वर्षांनी क्रांजीच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाकडे गेलो. आम्ही टॅम्पिनीसला राहतो. तिथून क्रांजी म्हणजे आमच्या या बेटाएवढ्या देशाची पूर्वेकडची बाजू सोडून पार उत्तरेला जायचं. मुलगी म्हणाली, "पप्पा, देअर गॉट नथिंग ऑलरेडी लह." तिचं खरं होतं. शर्यती बंद होऊन मैदान कधीच मिटलं आहे, पुढेमागे तिथे घरं होतील. मी पत्र्याच्या कुंपणाशी उभा राहिलो. स्टँडचं मोठं छप्पर अजून होतं, पण वास नव्हता. ओलं कापलेलं गवत, लीद, खोगिराला चोळायचं तेल, स्टॉलवरची गरम करी पफ आणि दुधाचा डबा ओतलेली दाट कोपी, म्हणजे इकडची कॉफी, या सगळ्यांचा मिळून एक वास तिथे असायचा. स्टेशनचा जिना उतरतानाच तो नाकात यायचा आणि काका म्हणायचे, "आलं बरं का आपलं ऑफिस." आता नुसती उन्हाने तापलेल्या पत्र्याची धग येत होती. एका शिपायाने मला काय हवंय असं विचारलं. काही नको, असं सांगून मी तिथेच उभा राहिलो.

दोन हजार सालानंतरचा काळ. मी ज्या कंपनीत नोकरीसाठी आलो होतो ती बुडाली. इथे नोकरी गेली की राहण्याचा परवाना, म्हणजे पास जातो आणि पास गेला की देश. गावात माझ्या नावाचा सत्कार होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. अशा दिवसांत कुणाच्या तरी घरी गणपतीच्या आरतीला एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांनी माझी चौकशी केली. आकडे येतात का, म्हणाले. मी म्हटलं, स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. घोडे कळतात का, म्हणाले. मी म्हटलं, बैल कळतात, आमच्याकडे शंकरपट असतो, बैलांच्या शर्यतींचा. प्रसाद तोंडात टाकत ते म्हणाले, "चालेल. चार पाय तर आहेत."

ते एका छोट्या साप्ताहिकात शर्यतींचा अंदाज लिहायचे. अर्धं इंग्रजी, अर्धं चिनी असं ते चोपडं टॅक्सीवाले, स्टॉलवाले आणि निवृत्त कारकून मंडळी घ्यायची. मालकाला सगळे टौके म्हणत. इकडे धन्याला तसंच म्हणतात. काकांनी टौकेकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी घोड्यांच्या मागच्या कामगिरीचे तक्ते करायला लागलो. मरीन परेडच्या एका फ्लॅटमध्ये काकांची एक खोली होती, शेजारची मला मिळाली. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांचा 'मंगरूळ' होतो.

क्रांजीला घोडे सपाट मैदानावर धावायचे. काकांचा जीव मात्र उड्यांच्या शर्यतींत होता. त्या होत ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, तिथल्या हिवाळ्यात. आमच्या स्टँडमधल्या मोठ्या पडद्यावर त्या दिसत. इथे माणसं अर्ध्या चड्ड्या आणि चपला घालून घाम पुसत बसलेली, आणि पडद्यावर दूरच्या देशातली बारीक भुरभुर, चिखल, घोड्यांच्या नाकातून निघणारी वाफ. चोपड्याचा सगळ्यात जास्त खप त्या हंगामात व्हायचा, कारण उड्यांच्या शर्यतीत कोण जिंकेल हे सांगायला धजणारी माणसं थोडी. काकांचा नियम साधा होता. "आधी कोण पडणार नाही ते शोध," ते म्हणायचे, "जिंकणारा त्यातून आपोआप उरतो." आधीच्या शर्यतींत घोड्याने कुंपणापाशी पाऊल कसं मोजलं, ओल्या जमिनीत त्याचा दम कुठवर टिकला, पाठीवर वजन किती, हे सगळं माझ्या तक्त्यात असे. ते वाचून झालं की काका तक्ता बाजूला सारत आणि शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात ते बघत बसत.

पहिल्या हिवाळ्यात मी चुकीवर चूक केली. पटावरचा बैल सुटण्याआधी फुरफुरतो, माती उकरतो, दोन माणसांना आवरत नाही, तेव्हा आमच्याकडे लोक म्हणतात की आज हा ऐकत नाही. मी तसेच घोडे निवडायचो. नाचणारा, मानेवर फेस आलेला, मोतद्दाराला ओढत नेणारा घोडा दिसला की मी बोट दाखवायचो. काका हसायचे. "अरे, याने आपली शर्यत इथेच धावून टाकली. बारा कुंपणं याच्या बापाने ओलांडायची का? तो बघ, कोपऱ्यातला. रविवारी भाजी आणायला निघाल्यासारखा चाललाय. तो घरी पोचणार." एकदा मी एका घोड्याच्या वशिंडाचं कौतुक केलं, तर ते आठवडाभर येईल त्याला सांगत सुटले की मंगरूळला वशिंडाचा घोडा सापडलाय.

प्रत्येक घोड्याला ते पुण्यातल्या आपल्या गल्लीतल्या माणसाचं नाव द्यायचे. हे सोमण वकील, चालताना हात मागे. या आमच्या शाळेच्या बाई, वर्गात शिरण्याआधी दाराशी क्षणभर थांबणार. चाल शब्दांत धरता येत नाही, माणसात धरता येते, असं त्यांचं म्हणणं होतं.

काचबिंदू आधीपासून होता. थेंबांच्या बाटल्या फ्रिजमध्ये माझ्या दह्याच्या डब्याशेजारी असत. पुढे त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसू लागलं आणि मग नळीही भरत गेली. एका पावसाळी दुपारी आम्ही रिंगणाच्या कठड्याशी उभे होतो. घोडे समोरून जात होते, ओल्या चामड्याचा करकर आवाज येत होता, आणि काका माझ्याकडे न वळता म्हणाले, "मंगरूळ, आता तू सांगायचं आणि मी निवडायचं. टौकेला कळता कामा नये." पुण्यात भावाचं घर होतं, वहिनी चांगली होती, तरी ते म्हणाले, "तिथे मला खुर्चीत बसवतील. वेळेवर चहा देतील. खुर्चीत बसवलेला घोडा पाहिलायस कधी?"

तेव्हापासून मी त्यांचे डोळे झालो, आणि डोळे होणं काही सोपं नाही हे मला समजलं. 'चांगला चालतोय' म्हटलं की ते चिडत. "चांगला हा माझा शब्द. तू दिसतं ते सांग." सुट्टीच्या दिवशी आम्ही सरावाला पुलाउ उबीन या शेजारच्या छोट्या बेटावर जायचो. बंबोट म्हणतात त्या लाकडी होडीच्या डिझेलचा धूर, खाऱ्या पाण्याचे तुषार, आणि धक्क्यावर उतरलं की भाड्याच्या सायकलींची रांग. काका झाडाखालच्या बाकावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल मला सांगायला लावत. कोण सायकलवरून पडेल आणि कोण फिरून परत पहिला येईल, हे ते ठरवणार. एकदा मी म्हटलं, निळ्या टोपीची एक आजीबाई आहे, आमच्या गावच्या पोस्टमन उत्तमरावांसारखी, घाई नाही पण पाय कुठे थांबतही नाही. "उत्तमराव पहिले," काका म्हणाले. पोरंटोरं दमून नारळपाणी पीत बसली आणि आजीबाई खरंच सगळ्यांच्या आधी आल्या. काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी पुसताना त्यांचा हात आधी कपाळावर गेला, मग गालावर. मी दुसरीकडे बघितलं.

माझ्या गावची माणसं अशी एकेक करून त्यांच्या ओळखीची झाली. जिनिंगमध्ये कापसाची गठाण उचलताना आधी श्वास घेणारे माझे बाबा, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मान न हलवता वळणारी काकू, आमचे हेडमास्तर शेळके सर. मी कधी कुणाला सांगायलाही धजलो नसतो अशी ती साधी माणसं घोड्यांच्या रूपाने त्या हिरवळीवरून फिरत राहिली. आपलं लहानपण इतकं बघण्यासारखं होतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

टौकेला संशय आलाच. काकांनी एकदा त्याच्या टेबलावर सही कागदाच्या बाहेर, लाकडावर केली. तो तेव्हा काही बोलला नाही. पण काकांच्या पासाची मुदत त्या महिन्यात संपत होती, आणि त्याने सांगून टाकलं की हिवाळ्यातल्या मोठ्या उड्यांच्या शर्यतीला काकांनी वर्गणीदारांसमोर, पडद्याखाली उभं राहून, घोडे जागच्या जागी वाचून दाखवायचे. जमलं तर पास पुढे, नाहीतर नाही. तो वाईट माणूस नव्हता. लोक नजरेचे पैसे देतात, त्याला काय करणार, असं तो म्हणाला आणि त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

त्या दुपारी पडद्यावर तिकडचा पाऊस होता. चोपड्यात काकांनी सहा नंबरला पहिला ठरवलं होतं. मी छापील तक्ता हातात धरून त्यांच्या खांद्याशी उभा राहिलो. लोकांना वाटलं मी वजनं वाचून दाखवतोय. मी मराठीत सांगत होतो, ते इंग्रजीत बोलत होते, आणि मध्ये एका श्वासाचंही अंतर नव्हतं. एक नंबर फेसाळलेला, पटावरचा बैल. काकांनी त्याला बाद केलं. दोन नंबर, बाबा गठाणीपुढे उभे आहेत. काकांनी सांगितलं, हा दमदार, याला वर घ्या. लोक माना डोलवत होते. टौके हाताची घडी घालून काकांचा चेहरा बघत होता, घोडे नाही.

मग सहा नंबर आला. देखणा, गडद तांबूस, पुठ्ठ्यावर पावसाचं पाणी चमकत होतं. तो वळला आणि मी काकांच्या कानाशी झुकलो.

"काका," मी म्हणालो, "शेळके सरांना ठेच लागली की पोरांना दिसू नये म्हणून ते कसे चालायचे, तसा चालतोय."

"कुठला पाय?"

"मागचा डावा. वळतानाच. सरळ चालताना काही नाही."

काकांच्याच नावाने पहिला म्हणून छापलेला घोडा होता. तो तसाच ठेवला असता तर कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना सांगितलं की माझा कागद विसरा, सहा नंबरला हात लावू नका, त्याचा मागचा डावा पाय धड नाही. गलका झाला. एक म्हातारा टॅक्सीवाला पडद्याला नाक लावून परत आला आणि म्हणाला, अंकल, मला तर काही दिसलं नाही, तुम्हाला इतक्या लांबून कसं दिसलं? सगळे हसले. टौकेसुद्धा हसला. मला वाटलं, आपण वाचलो.

शर्यत सुटली. सहा नंबर पाखरासारखा उडत होता. कुंपणामागून कुंपण, तो पुढे आणि बाकीचे चिखल उडवत मागे. लोक काकांकडे रागाने वळून बघू लागले. मी सगळं सांगत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटून दुसऱ्या कुंपणाशी त्याने पाऊल मोजलं, उडी घेतली, आणि पलीकडे उतरताना तो मागचा डावा पाय टिकला नाही. घोडा मानेवर आपटला. जॉकी लांब फेकला गेला आणि उठून बसला. मागचे घोडे बाजूने निघून गेले आणि दोन नंबर एकटा, गठाण उचलल्यासारखा, शेवटचं कुंपण ओलांडून पहिला आला.

स्टँड दणाणलं. लोक काकांकडे धावले. त्या रेट्यात मी मागे ढकलला गेलो, दोन-तीन रांगा मागे. टॅक्सीवाल्याने हात पुढे केला. आणखी कुणीकुणी केले. टौकेने सगळ्यांना बाजूला सारून स्वतःचा हात पुढे केला. एवढे हात त्यांच्या छातीसमोर आणि काका पडद्याकडे तोंड करून उभे, आपले दोन्ही हात चोपड्याच्या सुरळीवर धरून. मी ओरडलो असतो तरी त्या गलक्यात त्यांना ऐकू गेलं नसतं. हळूहळू पुढचे लोक गप्प होत गेले. त्या शांततेत काका मोठ्याने म्हणाले,

"मंगरूळ, उठला का रे तो?"

मी पडद्याकडे बघितलं. "नाही काका. त्याच्याभोवती हिरवे पडदे लावलेत." न वाचणाऱ्या घोड्याला तिथेच संपवतात, ते लोकांना दिसू नये म्हणून ते लावतात.

त्यांनी मान खाली घातली. टौकेचा हात अजून पुढेच होता. त्याने आपल्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोच हात काकांच्या खांद्यावर ठेवला. "अंकल," तो म्हणाला, "हाऊ लाँग ऑलरेडी?"

"लाँग," काका म्हणाले.

पास पुढे मिळाला नाही. टौकेने खाण्याच्या स्टॉलच्या हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांना जेवू घातलं, काकांच्या ताटलीतल्या माशाचे काटे काढून दिले. चांगीच्या विमानतळावर मी त्यांना व्हीलचेअरवाल्या मुलाच्या स्वाधीन केलं. आजूबाजूला शेकडो माणसं चालत होती, धावत होती, पिशव्या ओढत होती. मी वाट बघत राहिलो. काकांनी मला एकाचीही चाल विचारली नाही.

त्यानंतर अंदाज लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याला फोन केला की काकांची पुतणी मुग्धा उचलायची. ती सांगायची की काका भिंतीकडे तोंड करून असतात, फोनवर यायला नको म्हणतात, जेवायला सांगितलं तर जेवतात, काही विचारलं तर हूंसुद्धा करत नाहीत. एकदा ती हळूच म्हणाली, "दादा, ते आपण होऊन काही मागतच नाहीत. आम्हाला भीती वाटते." मी रिंगणाच्या कठड्याशी उभा राहायचो, घोडे जायचे, आणि माझ्या तोंडून आपोआप मराठी शब्द निघायचे. शेजारी कुणी नसायचं. शेवटी मी पत्र लिहिलं. माझ्याजवळ दुसरा काही उपाय उरला नव्हता.

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

मुग्धा, हे पत्र हळू वाच. प्रत्येक घोड्यानंतर थांब आणि काकांना वेळ दे.

काका, तिकडच्या उड्यांच्या शर्यतीचं रिंगण तुमच्यासाठी लिहीत आहे. रात्रभर पाऊस झाला आहे. जमीन इतकी मऊ आहे की खुराचा ठसा उठला की त्यात पाणी भरतं. पाच घोडे आहेत.

एक नंबर काळा. मान खाली, कान मागेपुढे. आमची काकू दळणाचा डबा घेऊन वळते तसा वळतो, वरचं काही हलत नाही. मागच्या वेळी दूर तिसरा आला होता, पण कोरड्या जमिनीवर.

दोन नंबर फुरफुरतो आहे. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे.

तीन नंबर राखाडी, वय झालेला. पाठीवर सगळ्यात जास्त वजन. तो प्रत्येक फेरीत फाटकापाशी आला की बाहेर बघतो. मोतद्दार त्याच्याशी काहीतरी बोलतो आणि तो पुन्हा चालायला लागतो. हा आजवर एकदाही पडलेला नाही.

चार नंबर म्हणजे तुमचे सोमण वकील, पण तरुणपणीचे. पायात घाई आहे आणि ती लपवतो आहे.

पाच नंबरबद्दल मला ठरवता येत नाही. तो चालत नाही, पाण्यातून आल्यासारखा वाहतो. दोनदा पडलेला आहे. आज मात्र त्याने एकदाही मान झटकली नाही.

मी चांगला-वाईट काही म्हटलेलं नाही. दिसलं तेवढंच लिहिलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा शर्यत होऊन गेलेली असेल. चोपड्यात मी माझा अंदाज लिहिला, निकालही मला कळलेला असेल. पण तुम्ही निवडल्याशिवाय मी तो तुम्हाला सांगणार नाही. मुग्धाला सांगितलं आहे, तिने तो कुठून शोधायचा नाही. तुमच्यासाठी घोडे अजून रिंगणात फिरत आहेत काका, आणि तुम्ही नंबर सांगेपर्यंत ते फिरत राहतील. त्यांना पावसात फार वेळ ठेवू नका.

मुग्धा फोन करेल. तिच्याकडे एक आकडा द्या. मी फोनजवळ आहे.

तुमचा,
मंगरूळ